बर्फात भीड कामाची नाही

बेटा, तू विचारलंस, "आत्या, गुलमर्गला दोराच्या बाहेर, मोकळ्या डोंगरावर स्की करायचं आहे. पण नागपुरात मला सोबत कोण देणार?" तुझ्या आईला हा प्रश्न ऐकूनच धडकी भरली असेल. मला मात्र बरं वाटलं, कारण बहुतेक पोरं आधी बूट, स्की, जॅकेट यांच्या किमती विचारतात. तू आधी माणूस विचारलास. सुरुवात तिथूनच करायची असते.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटरवर आणि मे महिन्यात पारा 45च्या पुढे. इथल्या पोरीनं बर्फाचा नाद धरला म्हणून कोणी हसलं तर हसू दे. 2018 च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. चंद्रपूरचं ऊन नागपूरपेक्षा कमी नाही. त्यांना एका उडीत तिथं नेलं नव्हतं. निवड, सराव, पुन्हा निवड, असं पायरीपायरीनं नेलं होतं. तुझा सोबतीही तसाच पायरीपायरीनं ठरवायचा आहे.

आधी जागा नीट समजून घे. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर. हा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला आणि जगभरातले स्कीवाले तिथं येऊ लागले. लिफ्टच्या आसपासचा पट्टा गस्ती पथक सांभाळतं. धोका दिसला तर उतार बंद करतं, दोर लावतं. त्या दोराच्या पलीकडे पाय टाकलास की उतार तुझे आणि जबाबदारीही तुझी. तिथून झाडीतून खाली बाबारेशी, द्रंग, टंगमर्गपर्यंत उतरता येतं. सुंदर आहे, अगदी वेड लागेल इतकं सुंदर. पण 1 फेब्रुवारी 2023 रोजी याच अफरवटवर, हापतखुडच्या बाजूला, बर्फाचा कडा सुटला आणि पोलंडचे दोन स्कीपटू गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक परदेशी स्कीपटू तिथं हिमस्खलनात दगावला.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. सोबती कशासाठी लागतो, ते यातून कळतं. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुतेक वेळा जगतो. अर्धा तास उलटला की आशा झपाट्यानं कमी होते. वाहत आलेला बर्फ थांबला की क्षणात दगडासारखा घट्ट बसतो, स्वतःचं बोटही हलवता येत नाही. अशा वेळी खालून पथक निघून तुझ्यापर्यंत यायला किती वेळ लागेल, हिशेब कर. म्हणजे तुला वाचवणारा माणूस एकच, जो त्या क्षणी तुझ्या मागे किंवा पुढे उभा आहे तो. गप्पा मारायला, फोटो काढायला, खोलीचं भाडं वाटून घ्यायला कोणीही चालेल. या कामाला कोणीही चालत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हिमस्खलनात जे लोक सापडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत तो कडा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सुटवलेला असतो. वरून आपोआप कोसळलेल्या बर्फाचे बळी थोडे. म्हणजे उतारावर जायचं की नाही हा निर्णय चुकतो आणि तो निर्णय माणसं मिळून घेतात. एकाच्या मनात पाल चुकचुकलेली असते, पण तो बोलत नाही. इतक्या लांबून आलो, एवढे पैसे घातले, याला काय वाटेल, त्याचा मूड जाईल. आपल्याकडे तर हा स्वभावच. पाहुण्याला नाही म्हणवत नाही, मित्राला नाही म्हणवत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते संसारात. डोंगरावर ती त्याहून वाईट. म्हणून माझी पहिली आणि शेवटची कसोटी हीच, की ज्याला तू बेधडक "मला नाही जायचं, परत फिरू" असं सांगू शकतेस आणि जो तुला तेच सांगू शकतो, तो तुझा सोबती. ज्याच्यासमोर शब्द घशात अडकतो तो कितीही चांगला स्की करत असो, तुझ्या उपयोगाचा नाही.

या हिशेबानं ज्याच्यावर छाप पाडावीशी वाटते, त्याच्यासोबत जाऊ नकोस. नवीन नवीन प्रेमात असशील तर त्या माणसासोबतही पहिल्याच हिवाळ्यात नको. रागावू नकोस, आत्या आहे म्हणून सांगते.

आता किती जण? तीन किंवा चार. दोघंच असलात आणि एक गाडला गेला, तर दुसऱ्यानं एकट्यानं शोधायचं, एकट्यानं खणायचं आणि एकट्यानंच मदतही बोलवायची. पाय मोडला तर जखमीजवळ बसायचं की खाली धावायचं, हा पेच वेगळाच. सहा-आठ जण झाले की दुसरी अडचण येते. आवाज पोचत नाही, प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कोणीतरी पाहिलंच असेल आणि नाही म्हणायला आणखी लाज वाटते.

सोबती शोधायची उत्तम जागा म्हणजे कोर्स. 1961 मध्ये मनालीला जी पर्वतारोहण संस्था सुरू झाली, जी आता अटलजींच्या नावानं ओळखली जाते, ती सोलंगला स्कीचे कोर्स घेते. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्की आणि पर्वतारोहण संस्था आहे. औलीला गढवाल मंडळाचे कोर्स चालतात. साधारण आठवडा-दोन आठवडे तू अनोळखी लोकांसोबत एका छताखाली राहतेस, एकाच रांगेत ताट धरतेस, पहाटेच्या थंडीत ओले मोजे पायात चढवतेस. माणूस कळायला इतकं पुरे. कोर्स संपायच्या आत वहीत तीन नावं लिही. सगळ्यात चांगला स्की करणाऱ्यांची नकोत. ज्यानं दुसऱ्याच्या बुटाचं बक्कल न सांगता बघितलं, जो पडल्यावर चिडला नाही, ज्यानं प्रशिक्षकाला "मला हे समजलं नाही" असं सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांची लिही. ते नागपूरचे नसतील, पुण्याचे किंवा रायपूरचे असतील. हरकत नाही. रेल्वे आहे.

इथल्या इथं शोधायचं तर यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला जाणारी, डोंगरांची सवय असलेली मंडळी नागपुरात बरीच आहेत. पण कोणी "चाल ना बे, बघून घेऊ" म्हणालं की तिथंच सावध हो. "बघून घेऊ" हे वाक्य रामटेकला ठीक.

रामटेकचा विषय निघालाच आहे तर पारख तिथूनच सुरू कर. अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्या चढून गडावर जाणारी वाट तुला माहीत आहे. पाठीवर वजन घेऊन, पहाटे, तिघा-चौघांनी ती वाट काही वेळा चढा. व्यायाम तर होतोच, पण माझं लक्ष वेगळीकडं असतं. पहाटे पाचला निघायचं ठरलं तर पाचला कोण उभा असतो आणि कोण साडेपाचला फोन उचलून "निघालोच" म्हणतो? टाच घासली तर पहिल्या टप्प्यावर सांगतो, की वर पोचून रक्ताळलेला मोजा दाखवतो? मागे राहिलेल्यासाठी थांबतो तेव्हा त्याला दम घेऊ देतो, की तो पोचला रे पोचला की स्वतः चालू लागतो? या बारीकसारीक खोडी 3,950 मीटरवर जशाच्या तशा येतात, फक्त मोठ्या होऊन.

खरी परीक्षा मात्र पचमढीची. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातले हजारो लोक छिंदवाडामार्गे नागद्वारला जातात ते तू लहानपणापासून बघतेस. धो धो पाऊस, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, धुकं असं की पुढचा माणूस दिसत नाही, पद्मशेषची गुहा येईपर्यंत अंगावर कोरडं काही उरत नाही. आपल्या मंडळांचे भंडारे वाटेवर असतात म्हणून उपाशी कोणी राहत नाही, पण थकवा, भिजणं आणि गर्दी यांनी माणसाचा मूळ स्वभाव वर येतोच. ज्याला सोबती करायचं आहे त्याला एकदा श्रावणात घेऊन जा. उपाशी असताना तो कसा बोलतो ते ऐक. वाट चुकली तर "तूच म्हणालीस इकडून" असं म्हणतो, की थांबून शांतपणे मागे जातो, ते बघ. आणि एकदा, पाय चांगले चालत असताना, मुद्दाम म्हण, "मला बरं वाटत नाही, आपण परत फिरू." कारण सांगू नकोस. त्याच्या चेहऱ्याकडे बघ. कुरकुर न करता फिरला तर त्याचं नाव वहीत पक्कं कर. ही परीक्षा तूही दे. त्यालाही कधी न सांगता असंच म्हणू दे.

कौशल्य सगळ्यांचं सारखं असलं पाहिजे असं नाही. एखादी पायरी वर-खाली चालते, पण उतार नेहमी सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल असाच निवडायचा. हौस मात्र सारखी लागते. एकाला शिखराच्या कडेवरून उडी मारायची आहे आणि दुसऱ्याला झाडांमधून संथ उतरायचं आहे, तर दोघंही चांगले असतील, पण एकमेकांचे सोबती नाहीत.

आता उपकरणांचं. बीकन, प्रोब आणि फावडं, ही तिन्ही प्रत्येकाकडे स्वतःची हवीत. बीकन म्हणजे छातीवर, जॅकेटच्या आत बांधायचं यंत्र. ते सतत संदेश सोडतं आणि कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपली यंत्रं शोधण्याच्या बाजूला फिरवतात. सगळ्या कंपन्यांची यंत्रं 457 किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे एकमेकांची चालतात. प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी काठी, बर्फात खुपसून माणूस चाचपायची. आणि फावडं धातूचं, प्लास्टिकचं नको. पण वस्तू विकत घेतली म्हणजे काम आलं असं नाही, आणि सराव करायला बर्फच लागतो असंही नाही. काटोलकडे कोणाच्या तरी शेतात तुरीच्या कुटाराचा मोठा ढीग असतोच. एका बीकनला चालू करून स्टीलच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि तुम्ही बघत नसताना दुसऱ्या कोणाला तरी तो ढिगात खोल पुरायला सांगा. मग घड्याळ लावा.

पहिला जण धावतच जातो आणि आकडा कमी होतोय की जास्त हेच विसरतो. होऊ दे. दुसऱ्या वेळी चाल मंदावते. आकडा लहान होत जातो तसं यंत्र खाली, जमिनीच्या जवळ न्यायचं. तीन मीटरच्या आत आलं की आडवं-उभं फुलीसारखं फिरवून सगळ्यात लहान आकडा जिथं येतो तिथं थांबायचं. तिथून प्रोब उताराला काटकोनात खुपसायची. लागलं नाही तर वीत-सव्वा वीत अंतर ठेवत गोल गोल बाहेर सरकायचं. काही मऊ लागलं की प्रोब तिथंच ठेवायची, उपसायची नाही! तिच्या खालच्या अंगाला, पाऊलभर दूर उभं राहून माणसाच्या दिशेनं आत खणत जायचं. वरून सरळ विहीर खणायला गेलात तर बर्फ परत त्याच्याच अंगावर पडतो. सगळ्यात जास्त वेळ खणण्यात जातो, शोधण्यात नव्हे, म्हणून मग घराच्या बांधकामापाशी पडलेल्या मुरमाच्या ढिगावर फावडंही चालवा. एक जण पुढे, दुसरा मागे माती सारायला, मिनिटाला जागा बदलायची. हात भरून आले की बोलणं बंद होतं आणि कोण न सांगता जागा घेतो ते दिसतं. फोन खिशात असेल तर बीकनपासून दूर ठेवा. छातीवर चालू असताना वीतभर तरी आणि शोधताना हातभर तरी, नाहीतर यंत्र भलतंच सांगतं.

हा सराव करायला ज्याला कंटाळा येतो त्याला नम्रपणे सोडून दे. भांडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत. "तुझी माझी लय जमत नाही" एवढं पुरे. तो माणूस मित्र म्हणून राहू शकतो.

पहिला हिवाळा तरी स्थानिक वाटाड्याशिवाय दोराबाहेर जायचं नाही, हे मला वचन दे. टंगमर्ग आणि आसपासच्या गावांतली ही पोरं त्याच उतारांवर लहानाची मोठी झाली आहेत. कालचा वारा कुठल्या खांद्यावर बर्फ साठवून गेला हे त्यांना दिसतं, आपल्याला नुसतं पांढरं दिसतं. वाटाड्या निवडतानाही कसोटी तीच. "गेल्या आठवड्यात कुठून परत फिरलात?" असं विचार. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्यासोबत जा. आणि तो सोबत आहे म्हणून आपलं डोकं हॉटेलात ठेवून जायचं नाही. त्याच्याशीही भीड नको.

गुलमर्गला चहाच्या टपरीवर अनोळखी स्कीवाले भेटतात. हसतमुख असतात, "उद्या आमच्यासोबत चला" म्हणतात. लगेच नाही म्हणायचं नाही. आधी एक दिवस दोराच्या आतच त्यांच्यासोबत उतर. कोण कुठं थांबतो, वळून मागे बघतो का, एवढं बघ. मग त्यांचं फावडं-प्रोब बघायला माग. ज्यांना याचा राग येतो त्यांच्यासोबत दुसऱ्या दिवशी चहाच प्यायचा.

सकाळचे नियम ठरलेले ठेवा. चंदीगडची संरक्षण खात्याची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचा इशारा काढते, ती पूर्वी सासे नावानं ओळखली जायची. तो इशारा सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं वाचायचा. नवा बर्फ किती पडला, वारा कुठला होता, कालपासून ऊन किती तापलं, हे प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगायचं. मग परत फिरायची वेळ खालीच ठरवायची, वर गेल्यावर नाही. गंडोलात बसण्याआधी एकमेकांची बीकन तपासायची. एक जण दहा पावलं दूर उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात, प्रत्येकाचा आवाज येतो की नाही ते तो ऐकतो. आणि कोणा एकाची "नाही" ही सगळ्यांची "नाही". कारण विचारायचं नाही, संध्याकाळी खोलीत बसून विचारायचं. 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका वेळी एकच जण उतरेल, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरून नजर हलवणार नाहीत. मोबाइल बघायचा नाही, चष्मा पुसायचा नाही. पुढच्याला तू शेवटचं कुठं पाहिलंस, त्यावर सगळा शोध अवलंबून असतो.

आणि हो, विमानानं दिल्ली-श्रीनगर करून दुसऱ्याच दिवशी अफरवटवर जाऊ नका. गुलमर्गला दोन रात्री झोपा. डोकं दुखतं, भूक मरते, तर ते एकमेकांना सांगायचं. जो लपवतो त्याला मी सोबत नेत नाही.

पैशाचं बोलणं नागपुरातच संपवून टाका. वाटाड्याची फी, गंडोलाची तिकिटं, खोली, एक जण आजारी पडून थांबला तर त्याचा खर्च, सगळं कागदावर. आपल्याकडे मित्रांत पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि तो संकोच मग डोंगरावर दुसऱ्या रूपात निघतो. आधीच पैसे भरले म्हणून खराब दिवशीही वर गेलेच पाहिजे, असं कोणाला वाटता कामा नये. बर्फावरच्या खेळाचा विमा काढाल तेव्हा दोराबाहेरचं स्की त्यात धरलंय का, ते वाचून घ्या.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही. म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. कोणाला दमा आहे, कोण कुठली गोळी घेतो, रक्तगट कुठला, घरी फोन करायचा तर कोणाला, हे प्रत्येकाच्या खिशात आणि प्रत्येकाच्या डोक्यात असू दे. जायच्या आधी तिघांनाही घरी जेवायला बोलव. तुझ्या आईनं त्यांना बघितलेलं असलं पाहिजे. तू मुलगी म्हणून नाही, त्यांच्याही आयांनी तुला बघायला हवं. मी येईनच त्या दिवशी. कुटारात बीकन पुरायचं काम माझ्याकडे. आणि कोर्सच्या जागा भराभर भरतात, तर तो अर्ज आधी भर.